गळतंय म्हणून अख्खं छप्पर उतरवायला लावलं, आमच्या गावच्या घराचा अनुभव

ज्यांचं गावी कौलारू घर आहे आणि घरात फक्त वयस्कर माणसं राहतात त्यांनी हे पूर्ण वाचा, मोठं झालंय पण यातलं काही गाळावंसं वाटलं नाही. आमचं घर मंडणगड तालुक्यात, आजोबांनी बांधलेलं, चौपाखी म्हणजे चारी बाजूंना उतार असलेलं, मंगलोरी कौलांचं. तिथे माझे चुलते आप्पा आणि काकू राहतात, बाकी आम्ही सगळे मुंबई-ठाण्याकडे. मागच्या मे महिन्यात एका छप्परवाल्या कॉन्ट्रॅक्टरने आमचं सगळं छप्पर उतरवून पत्रा टाकला, जवळपास चार लाख घेतले, वरून घराची सगळी कौलं आणि लाकूड टेम्पोत भरून घेऊन गेला. आणि छप्पर बदलायची गरजच नव्हती. वीस-पंचवीस हजारात दुरुस्ती झाली असती हे आम्हाला पाऊस सुरू झाल्यावर कळलं.

सुरुवात अशी झाली की माजघराच्या कोपऱ्यात आणि देवघराच्या वर आधीच्या पावसाळ्यात गळत होतं. माकडांचा त्रास आमच्याकडे प्रचंड आहे, एक टोळी छपरावरून गेली की पाच-दहा कौलं फुटलीच समजा, आणि पूर्वी मिरगाच्या आधी कौलं परतायला गडी यायचे तसे आता मिळत नाहीत. म्हणून आप्पा कुणीतरी माणूस बघत होते, तेवढ्यात एप्रिलमध्ये हा स्वतःच दारात आला. शेजारच्या तालुक्यातला, बोलायला एकदम गोड, आमच्या पलीकडच्या वाडीत काम चालू आहे म्हणाला. बरोबर एक पोरगा होता, दोघं वर चढले, बराच वेळ वर होते, आणि उतरताना हातात मूठभर भुसा झालेलं लाकूड आणि तीन-चार फुटकी कौलं घेऊन आले. ते सगळं ओटीवर काकूच्या समोर ठेवलं आणि म्हणाला, काका, तुमचे वासे आतून सगळे पोकळ झालेत, कौलाला पण आयुष्य असतं, तीस वर्षं झाली की ते मरतं, हे या पावसाळ्यात खाली येणार, रात्री झोपेत काही झालं तर मला सांगितलं नाही म्हणू नका.

आता हे वाक्य ज्याच्या कानावर पडतं तो माणूस पंच्याहत्तरीचा आहे आणि त्याने ३ जून २०२० चं निसर्ग वादळ त्याच घरात बसून काढलंय हे लक्षात घ्या. त्या दिवशी आमच्या पश्चिमेकडच्या पाखावरची निम्मी कौलं गेली होती, काकू अजून वारा सुटला की माजघरात येऊन बसते. त्या कॉन्ट्रॅक्टरला हे बरोबर माहीत होतं, आमच्या पट्ट्यात प्रत्येक घराला ते माहीत आहे, आणि तो प्रत्येक घरात तेच बोलत होता. पण त्याच वादळात लोकांचे पत्रे आख्खेच्या आख्खे उडून शेजारच्या बागेत जाऊन पडले होते, पाइपांसकट उडाले होते, हे तो सांगत नव्हता. आमची कौलं गेली पण एक वासा हलला नव्हता.

तो बघून गेल्यावर चार-पाच दिवसांत अवकाळी पाऊस झाला आणि आधी कधी गळत नव्हतं तिथे गळायला लागलं, ओटीवर, पडवीत, आप्पांच्या कॉटवर. साहजिकच सगळ्यांना वाटलं की माणूस खरं बोलत होता. ही गोष्ट नीट समजून घ्या कारण हा या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार आहे. मंगलोरी कौलाला खालच्या बाजूने नाक असतं, ते रिपेला (वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्टीला) अडकतं, आणि कडेला खाच असते त्यात शेजारचं कौल बसतं. वरून चालताना एखादं कौल दोन बोटं जरी सरकवलं तरी खाच उघडी पडते, खालून बघून काहीही कळत नाही आणि पहिल्या सरीला पाणी आत. बघायला म्हणून वर चढलेला माणूस पाच मिनिटांत वीस ठिकाणी गळती करून उतरू शकतो.

मग त्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, आम्हा सगळ्या भावंडांच्या ग्रुपवर तोच फिरला. त्यात वाळवीने खाल्लेला वासा, बोट घातलं की आत जातंय, मातीचे थर, बघून अंगावर काटा येईल असं. पैसे जमवायचा निर्णय त्या व्हिडिओवर झाला. नंतर माझ्या चुलत बहिणीने तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्यातला वासा गोल आहे, नुसती साल काढलेला, आणि आमच्या घराचे सगळे वासे चौकोनी कापलेले, रंधा मारलेले होते. व्हिडिओ आमच्या घराचा नव्हताच. म्हणून कुणी गावाहून असा व्हिडिओ पाठवला तर सांगा की घराच्या दारापासून चालू कर, मध्ये न थांबवता शिडीवरून वर जा आणि मग दाखव.

दर सांगितला २२० रुपये चौरस फूट, ०.५० एमएमचा कलर कोटेड पत्रा, खाली लोखंडी पाइप, सगळं मजुरीसकट. जुनं सामान उतरवायची मजुरी वेगळी लागेल, पण तुमचं घर म्हणून जुन्या सामानात ती वळती करतो, तसं ते जाळण्याच्याच लायकीचं आहे, असं म्हणाला. बिल घेऊ नका, १८ टक्के जीएसटी वाचेल. पत्र्याचा भाव पुढच्या आठवड्यात वाढतोय, मिरगाच्या आत काम संपवायचं तर आजच ॲडव्हान्स लागेल. अडीच लाख ॲडव्हान्स गेले.

आठ-दहा कामगार आले आणि छप्पर उतरवायला लागले. काकूने नंतर जे सांगितलं ते ऐकून मला सगळ्यात जास्त राग आला. ते लोक एकेक कौल हातोहात खाली देत होते, फेकत नव्हते, टेम्पोत प्रत्येक थराच्या मध्ये भाताचा पेंढा घालून उभी रचत होते. जाळण्याच्या लायकीच्या वाशांमधले खिळे पोरं सावकाश पारईने काढत होती, टोक तुटू नये म्हणून. पंधरा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट) जवळपास छप्पर म्हणजे दोन हजारांवर कौलं झाली, वर ऐनाचे आणि किंजळीचे वासे, आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) ऐनाचं. आज किनाऱ्यावर जे रिसॉर्ट आणि होमस्टे होताहेत त्यांना जुना लुक हवा असतो, जुन्या मंगलोरी कौलांना आणि जुन्या लाकडाला रोख गिऱ्हाईक आहे. माल तिकडे गेला असणार. आमच्या छपराची खरी किंमत त्याला वर चढल्या चढल्या कळली होती.

टेम्पोत मावले नाहीत म्हणून दोन वासे आणि शंभरेक कौलं गोठ्यामागे राहिली, नंतर नेतो म्हणाला होता. ती राहिली म्हणून आम्हाला सत्य कळलं. पाऊस सुरू झाल्यावर पत्र्यातून गळायला लागलं म्हणून वरच्या वाडीतले सुतारकाका बघायला आले, त्यांचं आयुष्य छपरं करण्यात गेलंय. त्यांनी आधी ते वासे बघितले. हातोडी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेले, आवाज सगळीकडे सारखा, टणक. मग दाभण घेऊन जोर लावून खुपसलं, नखाएवढंही आत गेलं नाही. फक्त वळचणीकडच्या टोकाला, जिथे पावसाचं पाणी लागतं, वीतभर भाग मऊ झाला होता, तिथलाच भुसा त्याने मुठीत आणून दाखवला असणार. सुतारकाकांनी तिथे करवत लावली, वीतभर तुकडा पडला आणि आतलं लाकूड तपकिरी, घट्ट, बघत राहावं असं. म्हणाले, ह्याला अजून दोन पिढ्या काय होत नव्हतं, टोकं कापून खाली जोडलाकूड दिलं असतं की झालं.

मग त्यांनी फुटकी कौलं उचलली, जी त्याने ओटीवर आणून दाखवली होती ती तुळशीजवळ तशीच पडलेली. फुटलेली कड आम्हाला दाखवली. जुनं फुटलेलं कौल असेल तर त्या कडेवर धूळ बसते, शेवाळ धरतं, कड काळी पडते. ह्या कडा एप्रिलमध्ये बघितल्या असत्या तर लालभडक दिसल्या असत्या असं ते म्हणाले, आणि खरंच, काकूने एक तुकडा भांडी घासायच्या जागी टेकू म्हणून त्याच दिवशी पालथा घातला होता, तो उलटला तर कड अजून विटेसारखी स्वच्छ लाल होती. ती कौलं वर गेल्यावर फोडलेली होती.

आणि ते तीस वर्षांचं आयुष्य वगैरे तर पूर्ण खोटं आहे. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, त्या काळात भाजलेली कौलं अजून कितीतरी घरांवर आहेत आणि जुन्या सामानाच्या बाजारात परत परत विकली जाताहेत. नीट भाजलेलं कौल वर्षांवर मरत नाही. वरून काळं किंवा हिरवं दिसतं ते कोकणातल्या पावसात होणारच, ते शेवाळ आहे, कौल खराब झाल्याची खूण नाही. खराब कौल ओळखायचं असेल तर बोटाच्या पेराने वाजवून बघा, चांगलं कौल खणखणीत वाजतं आणि तडा गेलेलं किंवा कच्चं भाजलेलं बद्द. हाताने चोळल्यावर पापुद्रे निघत असतील, पीठ पडत असेल, भर पावसात कौलाची आतली बाजू ओली होऊन थेंब धरत असेल तर ते बदलायला झालं. अजून खात्री हवी तर सुकं कौल काट्यावर वजन करा, एक अख्खा दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पुसून परत वजन करा. मंगलोरी कौलाच्या भारतीय मानकात चांगल्या कौलाने १८ टक्के आणि त्याच्या खालच्या प्रतीने २० टक्क्यांपर्यंतच पाणी प्यावं असं आहे, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅमचं कौल भिजून २ किलो ८०० झालं तर ते सतरा टक्क्यांच्या आत, उत्तम. आम्ही गोठ्यामागच्या कौलांवर हे करून बघितलं, एकही वीसच्या वर गेलं नाही.

छप्पर खरंच बदलायची वेळ येते ती लाकडामुळे, कौलामुळे फारच कमी वेळा. घरापासून लांब उभे राहा आणि आढ्याची रेघ बघा, सरळ आहे की मध्ये झोळ आलाय. झोळ असेल तर वासे किंवा आढं वाकलंय, ते गंभीर. भिंतीवर ज्या लाकडावर वासे टेकतात ते आणि भिंतीत गाडलेली टोकं आधी कुजतात कारण तिथे ओल राहते, दाभण तिथे मारून बघा, इंच-दीड इंच सहज आत गेलं आणि असं एका-दोन ठिकाणी नाही तर रांगेने होत असेल तर मोठं काम आहे. वाळवीचे मातीचे बोगदे भिंतीवरून वर गेलेत का बघा, एखादा बोगदा फोडला आणि दोन दिवसांत परत बांधला तर वाळवी जिवंत आहे. खाली पीठ पडत असेल तर भुंगा, तो औषधाने थांबतो. आणि एक वासा गेला म्हणजे सगळे गेले असं नसतं, वासा एकटा बदलता येतो, बाजूला जोडवासा देता येतो, रिपा तर बदलायच्याच असतात. आमच्याच गावात एका घराचं आढं खरंच बसलं होतं, भिंत बाहेर ढकलली गेली होती, त्यांनी छप्पर उतरवलं ते बरोबरच केलं, पण त्यांनीसुद्धा चांगले वासे आणि कौलं ठेवून घेतली आणि तीच परत वापरली.

गळतं कुठून हेही बघा. आढ्याखाली सरळ रेषेत गळत असेल तर वरच्या कोन्यांचा (आढ्यावर बसवतात त्या कौलांचा) चुना-सिमेंट फुटलाय. दोन पाखी मिळतात त्या खोबणीत गळत असेल तर तिथला पत्रा सडलाय. एका जागी टपटप असेल तर एक कौल फुटलं किंवा सरकलंय. आमचं देवघरावरचं गळणं खोबणीचं होतं, माजघरातलं माकडांचं. बास, एवढंच.

आता पत्र्याबद्दल, कारण ज्यांना पत्राच टाकायचाय त्यांची पण फसवणूक इथेच होते. आमच्या पत्र्यावर ०.५० चा स्टिकर होता. सुतारकाकांचा मुलगा चिपळूणला वर्कशॉपमध्ये आहे, त्याने मायक्रोमीटर आणून कडेला लावला, ०.३४ ते ०.३५. साध्या हाताला हा फरक कळत नाही, रंग तोच, चमक तीच. मायक्रोमीटर नसेल तर वजन करा. साडेतीन फुटी रुंदीचा बारा फूट लांब पत्रा ०.५० चा असेल तर पंधरा-सोळा किलोच्या आसपास भरतो, ०.३५ चा अकराच्या आसपास. गाडीतून उतरतानाच एक पत्रा तांदळाच्या काट्यावर टाका, दोन मिनिटांचं काम आहे. आणि चांगल्या कंपनीच्या पत्र्याच्या मागे नाव आणि जाडी ठराविक अंतराने छापलेली येते, नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. विचारताना हेही विचारा की सांगितलेली जाडी रंगासकट की नुसत्या लोखंडाची, कारण रंग आणि जस्त धरून ०.५० म्हणजे आतलं लोखंड त्याहून कमी असतं.

स्क्रूचे वॉशर स्वस्तातले, वर मशीनने इतके आवळलेत की रबर बाहेर आलंय आणि भोकाभोवती पत्रा दबून खळगा झालाय, पाणी तिथेच साचतं आणि तिथूनच आत येतं. शेवटच्या बिलात माप १७८० चौरस फूट लावलं, म्हणजे ३ लाख ९१ हजार ६००. आम्ही नंतर टेपने मोजलं, १४९० भरलं. एकावर एक चढवलेला पत्रा दोनदा मोजला होता आणि पुढचा झाप (भिंतीबाहेर आलेला भाग) मनानेच वाढवला होता, त्यातच त्रेसष्ट हजार आठशे रुपये जास्त घेतले. दर ठरवतानाच लिहून घ्या की माप छप्पर झाल्यावर वरचं, दोघांनी मिळून टेप धरून.

घरात राहणाऱ्यांचं काय झालं तेही सांगतो. कौलाखाली मे महिन्यात दुपारी झोप लागायची, आता आप्पा दुपारचे आंब्याखाली खाट टाकून असतात. पावसाचा आवाज एवढा की काकूला फोनवर बोललेलं ऐकू येत नाही. पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो आणि अंथरुणावर टिपकतो.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केले, आधी येतो येतो, मग माणूस पाठवतो, मग फोन बंद. पोलिसात गेलो तर दिवाणी बाब आहे म्हणाले, तरी लेखी अर्ज देऊन पोच घेतलीय, तुम्ही पण पोच घेतल्याशिवाय उठू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीची फी लागत नाही, वकील पण सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. बिल नसलं तरी बँकेतून गेलेले पैसे, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, तो खोटा व्हिडिओ, पत्र्यावरचा स्टिकर, मायक्रोमीटर लावल्याचे फोटो हे सगळं पुरावा म्हणून जोडता येतं, आम्ही तेच जोडलंय. चॅट डिलीट करू नका, फोन बदलताना जपा.

आणि माझी कळकळीची विनंती आहे, छप्पर बघायला जो माणूस वर चढवाल त्याला पुढचं काम मिळणार नाही हे त्याला आधीच सांगा. गावातल्या एखाद्या जुन्या सुताराला एका दिवसाची पूर्ण मजुरी द्या, फक्त बघायची, आणि घरातलं कुणीतरी जाणतं माणूस खाली उभं राहून वर काय चाललंय ते बघू दे, शक्य असेल तर फोनवर शूटिंग करा. जो माणूस जुनं सामान मजुरीत वळतं करतो म्हणतो त्याला सांगा की मजुरी आम्ही रोख देतो, सामान खळ्यात रचून ठेव. खरोखर छप्पर खराब असेल तर त्याला काही फरक पडणार नाही, आणि आमच्यासारखा आला असेल तर तो परत येणारच नाही. कौलं मोजून ठेवा, वाशांचे फोटो काढा, कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो त्याचाही फोटो घ्या, कारण दुसऱ्या कारखान्याचं कौल तुमच्या खाचेत नीट बसत नाही, दुरुस्तीला त्याच छापाचं लागतं, म्हणून पन्नास-शंभर कौलं जास्तीची नेहमी गोठ्यात असू द्या.

आमच्याकडे आता सुतारकाका सगळे स्क्रू काढून मोठे वॉशर घालताहेत आणि खोबणीला नवीन पत्रा देताहेत, म्हणजे हा पावसाळा निघेल. मंडणगड, दापोली, खेड, श्रीवर्धन या बाजूला कुणाच्या घरी एप्रिल-मेमध्ये असा माणूस न बोलावता येऊन वर चढून गेला असेल आणि नंतर नवीन गळती सुरू झाली असेल तर छप्पर उतरवू नका, आधी सरकलेली कौलं परत बसवून घ्या आणि एक पाऊस बघा. आणि आधीच ॲडव्हान्स दिला असेल तर काम सुरू व्हायच्या आत लेखी थांबवा, मेसेजवर लिहिलं तरी चालतं, जुन्या सामानाला हात लावायचा नाही एवढं त्यात स्पष्ट लिहा.